गट नंबर सातचा श्रावणी सोमवार

"हा गट बंद करायचा," मेजर म्हणाले आणि पडद्यावरच्या लाल ठिपक्यांवर त्यांनी पेनाचं टोक ठेवलं. "सोमवारी दुपारी बारा वाजता. सगळेच्या सगळे एकसष्ट नंबर."

मी मान डोलावली. डोलावताना मला फार बरं वाटत होतं, हे आधीच सांगून टाकते. तो गट मी शोधला होता. म्हणजे माझ्या प्रोग्रॅमने शोधला होता, पण प्रोग्रॅमची शाबासकी प्रोग्रॅमला कोणी देत नाही.

मिसकॉल फुकट असायचा, तेव्हाची ही गोष्ट. पुण्यात दर तिसऱ्या इमारतीत एक सॉफ्टवेअर कंपनी होती आणि उरलेल्या दोनमध्ये त्या कंपनीत लावून देणारे क्लास. आमची कंपनी टिळक रस्त्यालगत तिसऱ्या मजल्यावर होती. आम्ही सगळे मिळून चौदाजण. एक मोबाइल कंपनी आमची सगळ्यात मोठी क्लायंट होती. खरं सांगायचं तर एकुलती एक. तिथल्या फ्रॉड विभागाचे प्रमुख म्हणजे हे मेजर सबनीस. खडकवासल्याला शिकलेले, सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांचा संशय मात्र निवृत्त झालेला नव्हता.

त्यांना पकडायचं होतं कॉलबॅकवाल्यांना. कॉलबॅक म्हणजे काय, तर तुम्ही एका नंबरला मिसकॉल द्यायचा. तिथलं यंत्र तुमचा नंबर ओळखतं, भलत्याच मार्गाने तुम्हाला उलट फोन लावतं आणि अमेरिका किंवा दुबईला स्वस्तात जोडून देतं. हे बेकायदा. असल्या टोळ्या आपल्या माणसांना सिमकार्डं वाटतात आणि काही महिन्यांनी ती फेकून नवी वाटतात. त्यामुळे एकेक नंबर पकडून उपयोग नसतो. अख्खी टोळी पकडावी लागते.

माझं काम होतं टोळ्या शोधण्याचं. आमच्या धंद्यात टोळीला सभ्यपणे 'कम्युनिटी' म्हणतात. मी गट म्हणते.

गट शोधणं म्हणजे जादू नाही. लग्नाच्या कार्यालयात जेवणं झाल्यावर गॅलरीतून खाली पाहा. कोणाचंही नाव माहीत नसलं, तरी कोण कोणाशी बोलतंय एवढ्यावरून मुलीकडचे, मुलाकडचे आणि ऑफिसवाले वेगळे काढता येतात. फोनच्या नोंदींतही तेच. कोणी कोणाला, किती वाजता, किती सेकंद. काय बोलले ते आम्हाला दिसत नव्हतं, नावंही दिसत नव्हती. बिलाच्या नोंदींत मिसकॉल नसतात, म्हणून मेजरांनी एक्स्चेंजच्या मूळ नोंदी दिल्या होत्या. त्यात शून्य सेकंदांचे कॉलही होते.

अवघड भाग पुढे आहे. गट बदलत राहतो. कार्यालयाचा फोटो दर तासाला काढला, तर आइस्क्रीमच्या टेबलापाशी दरवेळी घोळका दिसतो, पण तो तोच घोळका का? मी दर महिन्याचं जाळं वेगळं काढायचे आणि प्रोग्रॅम प्रत्येक वेळी गटांना नव्याने नंबर द्यायचा. मार्चमधला गट सात एप्रिलमध्ये गट तीन व्हायचा. मग मी नियम केला: निम्म्याहून जास्त सदस्य सारखे असतील तर तो जुनाच गट. नसतील तर जुना मेला आणि नवा जन्मला. जन्म, मृत्यू, फूट, मिलाफ असे शब्द आम्ही दिवसभर वापरायचो. ऐकणाऱ्याला वाटावं, इथे महानगरपालिकेचं काम चालतं.

गट सात माझ्या नियमात बसेना. वर्षभर नीट चालायचा. मधोमध एक नंबर आणि भोवती साठ. ते साठ रोज सकाळी साडेनऊच्या आत आणि दुपारी साडेचारच्या आत मधल्या नंबरला मिसकॉल द्यायचे. रोज सगळे नाही, कधी सात, कधी पंधरा. काहीजण एक मिसकॉल द्यायचे, काहीजण लागोपाठ दोन. मधला नंबर कधीही फोन उचलत नसे. आणि मग जूनमध्ये तो गट मरायचा. जुलैमध्ये त्याच मधल्या नंबराभोवती नवे सदस्य घेऊन तंतोतंत तसाच गट जन्माला यायचा.

मी नियम सुधारला. सदस्य बदलले पण मधला नंबर, वेळा आणि सवयी त्याच राहिल्या, तर गट मेला नाही, त्याने कात टाकली. नियमाचं नाव 'कात' ठेवलं. कात टाकणारा गट म्हणजे सिमकार्डं बदलणारी टोळी. पुणे शहरात असे बारा सापडले. सगळ्यात ठळक सातवा.

"दिवाळीत आठ दिवस एकही कॉल नाही यांचा," तांबोळी म्हणाला. तांबोळी आमचा डेटाबेस सांभाळायचा. पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात राहिलेल्या घरातला. बोलायचा कमी आणि बोलला की काम वाढवायचा.

"मग?"

"माणसं दिवाळीला गावी जातात. यंत्रं जात नाहीत."

"टोळीतल्या लोकांनाही आई असते," मी म्हणाले.

"रविवारी दुपारी साडेचारवाले पण नाहीत. वर्षभरात एकाही रविवारी नाहीत."

"तांबोळी, डेमो शुक्रवारी आहे."

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा आपल्या पडद्याकडे वळला. हे संभाषण मला अजून शब्दशः पाठ आहे.

डेमो शुक्रवारी झाला. मेजरांनी पेन ठेवलं, मी मान डोलावली. आमचे मालक पेंडसे सर क्लायंटला लिफ्टपर्यंत सोडून आले आणि म्हणाले, "चहा सांगा." पेंडसे सरांनी स्वतःहून चहा सांगण्याची ती पहिलीच वेळ.

रविवारी संध्याकाळी मी कर्वेनगरला घरून भाजी आणायला निघाले. आमच्या कोपऱ्यावर पावभाजीची गाडी आहे. समोर पन्नासएक मुलंमुली उभी होती. रस्ता पार करायला जागा नव्हती.

"आज काय फुकट आहे का?" मी गाडीवाल्याला विचारलं.

त्याने तव्यावरून मान वर केली नाही. "रविवार आहे ना ताई. संध्याकाळी मेस बंद."

"कुठली मेस?"

"सगळ्या. पुण्यातली एक मेस रविवारी रात्री चालू दाखवा, मी गाडी बंद करतो."

मी तिथेच उभी राहिले. त्या गाडीसमोर दर रविवारी गर्दी असते आणि मी दर रविवारी तिच्यावर चिडते. या मुलांची त्या दिवशी गैरसोय होते, म्हणून ती इथे असतात, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. माझा जन्म पुण्यातला, शिक्षण पुण्यातलं, लग्न पुण्यातच. मी आयुष्यात मेसमध्ये जेवले नव्हते. तांबोळी नाही, पेंडसे सर नाहीत. आमच्या ऑफिसात सगळ्यांचा डबा घरून यायचा. ज्या चौदा माणसांच्या पोटाची सोय घरात होती, त्यांनी बसून साठ उपाशी माणसांची टोळी शोधली होती.

साडेनऊ म्हणजे सकाळच्या जेवणाआधी, साडेचार म्हणजे रात्रीच्या. जून-जुलैमध्ये सदस्य का बदलतात, ते आता शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. परीक्षा संपतात, मुलं जातात, नवी येतात.

भाजी राहिली. घरी जाऊन मी मेजरांना फोन लावला.

"मेजर साहेब, गट सात टोळी नाही. मेस आहे."

"पुरावा?"

"रविवारी संध्याकाळी बंद असते."

"मॅडम, रविवारी संध्याकाळी माझा न्हावीपण बंद असतो."

"आपण सोमवारचं थांबवा. चौकशी करून मग—"

"चौकशी मी करतो. नंबर कोणाचा आहे ते फॉर्मवर असेल." ते दोन मिनिटांनी पुन्हा फोनवर आले. "गावंडे. सदाशिव पेठ. उद्या सकाळी नऊला या. बाराच्या आत खात्री पटली तर थांबवतो. एकदा बंद झालं, तर मात्र अवघड आहे. फ्रॉडमध्ये बंद झालेला नंबर परत त्या माणसाला मिळत नाही. नियम आहे."

"कोणाचा नियम?"

"माझाच," मेजर म्हणाले.

सोमवारी नऊला आम्ही सदाशिव पेठेतल्या एका बोळात, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांसमोर उभे होतो. आत फोडणीचा वास होता. मेजरांच्या हातात फाइल होती. दार उघडंच होतं.

पन्नाशीच्या बाई बाहेर आल्या. पदर खोचलेला, हाताला पीठ. त्या गावंडे काकू. मूळच्या आर्वीच्या. यजमान पिंपरीच्या कारखान्यात होते. कारखान्याने मुदतीआधीच घरी पाठवल्यावर दोघांनी मेस काढली. काका मोपेडवरून डबे पोचवायचे. हे सगळं त्यांनी पहिल्या चार मिनिटांत सांगितलं. आम्ही कोण, ते विचारलंही नाही.

"बसा न जी. डबा लावाचा हाय का? पोरगं आलं वाटते तुमचं पुन्याले."

मेजरांना हे 'पोरगं' सोयीचं वाटलं. "कसं चालतं तुमचं, ते आधी बघावं म्हटलं," ते म्हणाले.

काकूंनी हौसेने दाखवलं. भिंतीला लांब फळी होती. तिच्यावर साठ डबे ओळीने, प्रत्येकावर ऑइलपेंटने आकडा. शेजारी कपाटावर जुना मोबाइल चार्जिंगला लावलेला.

"ज्याले सकाळी जेवाचं नाई, तो साडेनवाच्या आत एक मिसकॉल देते. पावना असन तं दोन. मी उचलत नाई. उचलला तं पोट्ट्याचे पैसे जाते. नाव दिसलं का तो डबा असा पालथा." त्यांनी चौदा नंबरचा डबा उचलून पालथा करून दाखवला आणि परत सरळ ठेवला. मोबाइलमधली नावंही दाखवली. नावं नव्हतीच. डबा १, डबा २, डबा ३, साठपर्यंत.

"मुलांची नावं नाही लिहीत?" मी विचारलं.

"कायले? पोट्टे दरसाल बदलते. चौदावाला गेला का नव्याले चौदा देतो, त्याचा नंबर तिथंच टाकतो. डबे तेच रायते नं बाई."

मी चार महिने ज्या प्रश्नावर डोकं घासलं होतं, त्याचं उत्तर या बाईने ऑइलपेंटने लिहून फळीवर ठेवलं होतं. माणूस बदलला, सिम बदललं, तरी जागा तीच. जागांना नंबर द्यायचे. मला हे सुचलं नव्हतं, कारण मला दिवसाला साठ माणसं जेवू घालायची नव्हती.

मेजरांनी घड्याळ पाहिलं. सव्वानऊ. "बघूया, किती मिसकॉल येतात," ते म्हणाले. त्यांच्या आवाजातला कडकपणा थोडा उतरला होता.

आम्ही बसलो. काकूंनी चहा दिला. मोबाइल गप्प होता. नऊ वीस. नऊ पंचवीस. फळीवर साठ डबे सरळ उभे.

"कमालच हाय बापा," काकू म्हणाल्या. "श्रावन सोमवार हाय. आजच्या दिवशी वीस-पंचवीस पोट्टे तरी उपास धरते. अन् एकाचाबी मिसकॉल नाई." त्या जरा थांबल्या. मग त्यांना उलगडा झाला. "आवंदा पोट्ट्यायनं देव सोडला वाटते."

मेजर माझ्याकडे पाहत होते. मी मोबाइलकडे. मेजरांनी खिशातून आपला फोन काढला, फाइलमधून काकूंचा नंबर पाहून लावला आणि स्पीकर सुरू केला.

"आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही," एक गोड बाई म्हणाली. आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. कपाटावरचा मोबाइल जागच्या जागी होता.

मेजरांनी आणखी एक फोन लावला, या वेळी आपल्या ऑफिसला. बाराची वेळ होती ना, असं विचारलं. पलीकडून उत्तर आलं, ते मलाही ऐकू आलं. सिस्टीमला सकाळी आठचा स्लॉट मोकळा मिळाला होता. काम लवकर उरकलं होतं. पलीकडच्या माणसाच्या आवाजात, शाबासकीची अपेक्षा असावी तसं काहीतरी होतं. मला तो आवाज ओळखीचा वाटला. शुक्रवारचा माझा तसाच होता.

"काय झालं जी?" काकूंनी विचारलं.

मेजर काही बोलण्याआधी मी बोलले. "काकू, तुमचा फोन बंद पडलाय. तो मी बंद करायला लावला. आणि तुमच्या साठही मुलांचे."

"काऊन?" त्या म्हणाल्या. "मी काय केलं?"

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. नोंदी, गट, कात. कात टाकण्याची गोष्ट स्वयंपाकघरात उभं राहून सांगताना फार वाईट वाटते. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मी चोर हाय असं कॉम्प्युटर म्हनते."

"कॉम्प्युटर नाही. मी म्हणाले."

मला रडू येईल असं वाटत होतं. ऑफिसच्या कामात रडणारी बाई मी नव्हे. पण लाज वाटली ती आजही वाटते.

"नंबर कधी चालू होते?" काकूंनी मेजरांना विचारलं. मेजरांनी फाइल चाळली. माझाच नियम, असं या वेळी त्यांनी सांगितलं नाही. काकू त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सात वर्सं झाले त्या नंबरले. मले पाटी नाई, पेपरात नाव नाई. जुनं पोट्टं नव्याले नंबर देते, तो गाडीतनंच फोन करते, काकू जागा हाय का म्हनून. तो नंबर गेला तं माही मेस कोनाले सापडन?"

काकूंनी वळून गॅसवरची भाजी हलवली. मग म्हणाल्या, "ते पाहू मंग. आता कनिक किती भिजवू ते सांगा. उपासवाले किती, मले मालूमच नाई."

मेजर उभे राहिले. त्यांनी फाइल मिटली. "गावंडे साहेब कुठे आहेत?"

काका बाहेर मोपेड पुसत होते. त्यांना सगळे जिने तोंडपाठ होते. मेजरांनी काकूंच्या दिनदर्शिकेच्या मागे तीन रकाने पाडले. एक ते वीस ते स्वतः, एकवीस ते चाळीस मी, पुढचे काका. "साडेदहाला इथे परत. प्रत्येकाला एकच प्रश्न. उपास आहे की नाही. गप्पा नाहीत."

जे जाळं मी चार महिने पडद्यावर पाहिलं होतं, ते त्या सकाळी पायाने पाहिलं. पडद्यावर दोन ठिपक्यांमध्ये एक रेघ असते. सदाशिव पेठेत त्या रेघेत तीन जिने, एक बोळ आणि एक घरमालक असतो.

"कोण पाहिजे?" एका घरमालकांनी दाराच्या फटीतून विचारलं.

"वरच्या खोलीतली मुलं. त्यांचा उपास आहे का, एवढंच विचारायचंय."

त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. "भाडेकरूंच्या धार्मिक बाबींत आम्ही लक्ष घालत नाही. चपला बाहेर."

वर चार कॉट होत्या. डबा सत्तावीसवाला पुसदचा मुलगा बॅटरी काढून, पुसून परत बसवत होता. "सकाळपासून डेड आहे हो. आई रोज आठला फोन करते. आज लागला नसेल तर ती काकाला बसमध्ये बसवून देईल पुण्याला." मी त्याला माझा फोन दिला. त्याने आईला सांगितलं, की फोन बिघडलाय, बाकी काही नाही. मग माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. उपास होता.

माझ्या वीसजणांत नऊ उपासवाले निघाले. पाचजणांनी फोन मला मागून घरी लावले. गप्पा नाहीत, ही मेजरांची सूचना मी पाळू शकले नाही.

साडेदहाला परत आलो. मेजर आधीच पोचले होते. घामाने शर्ट ओला. त्यांच्या यादीत आठ, काकांच्या सहा. काकूंनी तेवीस डबे पालथे केले आणि कणीक भिजवायला घेतली.

"आता दुसरं काम," मेजर मला म्हणाले. "नियम माझा आहे, तो मी मोडू शकतो. पण त्यासाठी तुमच्या कंपनीचं पत्र लागेल. निष्कर्ष चुकीचा होता असं. स्पष्ट. आज."

मी ऑफिसात गेले. चालत सात मिनिटं लागली. पेंडसे सरांनी उभ्यानेच ऐकलं.

"म्हणजे शुक्रवारी आपण दाखवलं ते—"

"मेस होती सर."

"कळलं." ते खुर्चीत बसले. "उशिरा कळलं, पण कळलं. पत्रात 'चूक' हा शब्द टाळता येईल का? 'निष्कर्षात सुधारणा' म्हण. एकच क्लायंट आहे आपल्याला."

"'सुधारणा' लिहिलं तर नंबर परत मिळणार नाही."

"आणि 'चूक' लिहिलं तर कंत्राट राहणार नाही कदाचित."

तांबोळी आपल्या जागेवरून म्हणाला, "सर, चूक तर शुक्रवारीच झालीय. सोमवारी फक्त शब्द शोधतोय आपण."

पेंडसे सरांनी खिशातलं पेन काढलं. मग म्हणाले, "टाइप कर." मी टाइप केलं. 'आमच्या निष्कर्षात चूक होती. चूक माझी आहे.' खाली माझी सही, तिच्याखाली त्यांची. त्यांनी सही करताना पेन दोनदा झटकलं. शाई येत होती.

फॅक्स साडेअकराला गेला. मुलांचे नंबर संध्याकाळपर्यंत एकेक करून चालू झाले. काकूंचा मात्र झाला नाही. वरून कुणाची तरी परवानगी हवी होती. मेजर म्हणाले, उद्या सकाळपर्यंत. त्यांनी 'नक्की' म्हटलं नाही, हे मी ऐकलं.

मंगळवारी सकाळी नऊला मी पुन्हा बोळात गेले. न जाण्यासारखी बरीच कारणं होती. मेजर आधीच येऊन कपाटासमोर स्टुलावर बसले होते. काकू पोळ्या लाटत होत्या. काका फळीवरचे डबे पुसत होते. मोबाइलच्या पडद्यावर नेटवर्कच्या दांड्या नव्हत्या. नऊ दहाला दोन आल्या, गेल्या, मग चार आल्या आणि राहिल्या.

नऊ सतराला फोन वाजला. काकूंनी लाटणं थांबवलं. पडद्यावर 'डबा २७' असं आलं. तीन वेळा वाजून थांबला. खोलीत चार माणसं होती. कोणीही तो उचलला नाही. मेजरांनी स्टुलावरून उठून सत्तावीस नंबरचा डबा स्वतः पालथा केला. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "याले काय झालं आज? काल उपास, आज जेवत नाई."

कंत्राट राहिलं. बाकीच्या अकरा गटांची मेजरांनी नंबर बंद न करता चौकशी केली. नऊ मेस होत्या. एक दूधवाला होता, ज्याला गिऱ्हाइकं 'आज नको' असा मिसकॉल द्यायची. अकरावा झेरॉक्सच्या दुकानामागचा खराखुरा कॉलबॅकवाला निघाला. त्याचा धंदा रविवारी संध्याकाळी सगळ्यात जोरात असायचा आणि दिवाळीत तर विचारूच नका. तांबोळी काही म्हणाला नाही. म्हणायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

प्रोग्रॅममध्ये मी दोन बदल केले. 'कात' या नियमाचं नाव बदलून 'डबा' ठेवलं. आणि रिपोर्टच्या शेवटी एक रकाना वाढवला: 'प्रत्यक्ष पाहणी'. तो भरल्याशिवाय कुठलाही नंबर बंद करायचा नाही, हा नियमही मेजरांचाच.

त्या सोमवारी फॅक्स पाठवून मी परत गेले, तेव्हा जेवल्याशिवाय आम्हाला काकूंनी सोडलं नव्हतं. वांग्याची भाजी, ठेचा, वरण-भात. तो रस्सा खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी तिखटावर ढकललं. पुढच्याच आठवड्यात मी डबा लावला. आमचं ऑफिस त्यांच्या रस्त्यातच होतं. काकांनी माझा डबा रंगवून घेतला, आकडा एकसष्ट. जेवायचं नसलं की मी साडेनऊच्या आत एक मिसकॉल द्यायचे.

त्यामुळे पुढच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये गट सातमध्ये दोन नवे सदस्य दिसले. एक नंबर माझा होता. दुसरा मी ओळखला, कारण शुक्रवारच्या प्रत्येक मीटिंगआधी त्यावरून मला फोन येत असे. डबा बासष्ट. नियमाप्रमाणे दोन्ही नंबरांपुढे मी 'संशयित, तपासावे' असं लिहून रिपोर्ट पाठवला. चार दिवसांनी तो परत आला. 'प्रत्यक्ष पाहणी'च्या रकान्यात मेजरांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'पाहणी केली. जेवलो. रविवारी संध्याकाळी बंद.'